विमानप्रवासात सामान चोरीला जाऊ नये म्हणून, आणि गेलंच तर

दोन वर्षांपूर्वी माझी मावशी लेकीकडून परत आली. मध्ये एकदा विमान बदललं, मुंबईला उतरली आणि टॅक्सीने थेट नाशिक. जेटलॅगमुळे दोन दिवस बॅगांकडे कुणी बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलचा खोका काढला. खोका नीट, आतली पुठ्ठ्याची खाच नीट, चार्जिंगची वायर गुंडाळलेली. फक्त मोबाइल नाही. शेजारी साडीत गुंडाळलेलं घड्याळही नाही. चॉकलेटची पाकिटं मात्र जागच्या जागी, आणि बॅगेचं कुलूपही लावलेलंच. मोबाइल माझ्यासाठी आणला होता, त्यामुळे राग अजून गेलेला नाही.

विमान कंपनीला फोन केला तर पहिलाच प्रश्न आला, "विमानतळावर तक्रार नोंदवली होती का?" नव्हती. आम्ही गप्प बसलो. लेखी तक्रारीसाठी आमच्याकडे अजून चार दिवस होते, हे आम्हाला दहाव्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी, आणि मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांसाठी, हे सगळं क्रमाने लिहितो.

१. काय कुठे ठेवायचं

कुलपाची चर्चा नंतर करू. कुठली वस्तू कुठल्या बॅगेत जाते, यावरच निम्म्याहून जास्त गोष्ट ठरते. दागिने, रोख पैसे, मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, घराच्या किल्ल्या, मूळ कागदपत्रं आणि रोजची औषधं चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर देऊन टाकतो त्या मोठ्या बॅगेत, ठेवू नका. चोरीची भीती हे एक कारण. दुसरं कारण तिकिटाच्या अटींमध्ये असतं. बहुतेक विमान कंपन्यांनी तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की चेक-इन सामानातल्या मौल्यवान आणि नाजूक वस्तूंची जबाबदारी आमची नाही. म्हणजे गेलं तर भांडायलाही पाय रोवता येत नाहीत. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही. ती सापडली की बॅग बाजूला काढून उघडली जाते, आणि बॅग जितक्या वेळा उघडेल तितका धोका.

लग्नाला निघालेल्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास होते. दागिने 'सुरक्षित' म्हणून मोठ्या बॅगेत, पैठणीच्या घडीत, अगदी तळाशी ठेवले जातात. क्ष-किरण यंत्राला घडी दिसत नाही, धातू दिसतो.

हातातल्या बॅगेतही मौल्यवान वस्तू एका लहान पाऊचमध्ये वेगळ्या ठेवा. विमान भरलेलं असेल तर गेटवर कर्मचारी म्हणतात, "ही बॅग खाली द्यावी लागेल." तेव्हा मागे रांग खोळंबलेली असते, आणि माणूस घाईत आख्खी बॅग देऊन मोकळा होतो. पाऊच असेल तर दोन सेकंदांत काढून खांद्याला अडकवता येतं.

२. बंद करण्याआधी फोटो

बॅग भरून झाली की झाकण उघडं ठेवून दोन फोटो काढा, मग बंद करून चारही बाजूंनी. रंग, कंपनीचं नाव, चाकं, आधीचे ओरखडे फोटोत यायला हवेत. "निळी मोठी बॅग" असं वर्णन करणारे काउंटरवर दिवसाला पन्नास येतात. किमती वस्तूंची बिलं स्वतःलाच ईमेल करून ठेवा. नंतर भरपाई मागताना हेच कामाला येतं.

जुन्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर सोलून टाका. ते यंत्राने वाचले तर बॅग भलतीकडे वळते, आणि अनोळखी विमानतळावर बेवारस पडलेल्या बॅगेइतकी सोपी शिकार दुसरी नाही.

नावाच्या पट्टीवर नाव, देशाच्या कोडसह मोबाइल नंबर आणि ईमेल पुरे. घराचा पूर्ण पत्ता लिहू नका. घराला कुलूप आहे हे रस्त्यात भेटेल त्याला कशाला सांगायचं? तीच माहिती आणि प्रवासाचा मार्ग एका कागदावर लिहून बॅगेच्या आत सगळ्यात वर ठेवा, कारण बाहेरच्या पट्ट्या तुटतात.

आपल्याकडे ओळखीसाठी नायलॉनची दोरी आवळून वर जुन्या ओढणीची चिंधी बांधायची पद्धत आहे. चिंधी चालेल, पण लोंबती दोरी सामान वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात अडकते. त्याऐवजी भडक रंगाचा रुंद पट्टा बांधा. हा उपाय मला कुलपापेक्षा जास्त पटतो. सामान गायब होण्याच्या तक्रारींमध्ये चोर नसतोच असंही बरेचदा होतं. कुणीतरी तुमच्यासारखीच काळी बॅग उचलून गेलेला असतो.

३. कुलूप, आणि त्याची मर्यादा

घरी एकदा हा प्रयोग करा. चेनच्या बॅगेला कुलूप लावा, साधं बॉलपेन घ्या आणि त्याचं टोक चेनच्या दातांमध्ये दाबा. चेन उघडते. हात घालून हवं ते काढा, मग कुलपासकट दोन्ही रनर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चेन पुन्हा मिटते. मावशीचं कुलूप शाबूत कसं, याचं उत्तर आम्हाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर असं मिळालं.

म्हणून शक्य असेल तर चेन नसलेली, कडक कवचाची आणि खटके असलेली बॅग घ्या. चेनचीच असेल तर दोन्ही रनर बॅगेच्या पक्क्या कडीत अडकवणारी घ्या, म्हणजे ते फिरवून चेन परत मिटवता येत नाही आणि उघडल्याची खूण तरी राहते.

अमेरिकेला जाताना लाल चौकटीच्या खुणेचं, टीएसए (तिथली वाहतूक सुरक्षा यंत्रणा) मान्यतेचं कुलूप लावलेलं बरं. त्या यंत्रणेकडे त्याच्या मास्टर किल्ल्या असतात. दुसरं कुलूप असेल आणि बॅग तपासायची असेल तर ते कापू शकतात. तपासलेल्या बॅगेत छापील चिठ्ठी ठेवतात, ती फेकू नका. पण या कुलपावर फार विसंबूही नका. २०१५ मध्ये त्या मास्टर किल्ल्यांचे फोटो इंटरनेटवर पसरले आणि त्यावरून लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्या.

मी स्वतः कुलपाबरोबर प्लॅस्टिकचा केबल टाय लावतो, तोही भडक रंगाचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात पाकीट मिळतं. चोराला तो दोन सेकंदांत कापता येतो, ते मान्य. पण कापलेला टाय पट्ट्याजवळच दिसतो, घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी नाही. उतरल्यावर कापायला नेलकटर लागतो. तो कुलपाच्या आत ठेवू नका, मी एकदा ठेवला होता.

प्लॅस्टिकचं वेष्टन गुंडाळून घेणं वाईट नाही, पण तपासणीसाठी ते फाडलं जाऊ शकतं, आणि फाडल्यावर परत गुंडाळून कुणी देत नाही.

४. ट्रॅकर

ॲपलच्या एअरटॅगसारखा ट्रॅकर चेक-इन बॅगेत ठेवता येतो. त्यात सीआर२०३२ हा बटणासारखा सेल असतो, बराच काळ टिकतो. आजूबाजूच्या लोकांच्या फोनमार्फत तो आपली जागा कळवत राहतो. अँड्रॉइड फोनसाठीही तसे ट्रॅकर मिळतात. २०२४ च्या शेवटापासून एअरटॅगच्या जागेची लिंक विमान कंपनीला पाठवायची सोय आहे, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या ती स्वीकारतात. ट्रॅकर बॅगेच्या अस्तराच्या आत ठेवा, वरच्या खिशात नको. आणि बॅग कुणाच्या घरात दिसली तर स्वतः दार वाजवायला जाऊ नका. तो स्क्रीनशॉट पोलिसांना दाखवा.

५. काउंटरवर

बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधी टॅग वाचा. विमानतळाची तीन अक्षरं असतात: मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी. अक्षरं तुमच्या मुक्कामाची आहेत का, नाव तुमचंच आहे का, हे बघायला पाच सेकंद लागतात. एका कुटुंबाच्या सगळ्या बॅगा कधीकधी एकाच्याच नावावर लागतात, त्या कुणाच्या नावावर आहेत तेही तपासा, नाहीतर तक्रार कुणी करायची यावरून वेळ जातो.

मग टॅगची पावती. दहा आकडी नंबर असलेला तो छोटा स्टिकर बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. तोच तुमचा पुरावा. त्याचा फोटो काढा.

वजनाचाही फोटो काढा. काउंटरवरचा काटा २२.४ किलो दाखवतो, तो आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. उतरल्यावर तीच बॅग २०.९ भरली तर दीड किलो कुठे गेलं, हा प्रश्न तुम्ही हवेत विचारत नसता.

शेवटचा प्रश्न: "बॅग थेट शेवटपर्यंत जाणार, की मध्ये घ्यावी लागेल?" अमेरिकेत बहुधा पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावी लागते, टॅग शेवटच्या शहराचा असला तरी. परदेशातून मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढे नागपूरला जाणाऱ्यांनाही बहुधा तेच करावं लागतं. हे माहीत नसलेले लोक पुढच्या विमानात बसतात आणि बॅग मागे पट्ट्यावर फिरत राहते.

६. सुरक्षा तपासणीच्या ट्रे

घड्याळ, साखळी, पाकीट ट्रेमध्ये सुटं ठेवू नका. आधीच हातातल्या बॅगेत टाका आणि बॅगेची चेन लावा. आपल्याकडे महिलांची तपासणी पडद्याआड वेगळी होते, त्यामुळे ट्रे पुढे जाऊन पडून राहतो आणि त्या अजून रांगेतच असतात. सोबत कुणी असेल तर एकाने आधी पलीकडे जावं, दुसऱ्याने मग ट्रे सरकवावेत. एकट्या असाल तर तुमचा नंबर जवळ आल्याशिवाय ट्रे पट्ट्यावर सोडू नका. मागचा माणूस कुरकुरला तर कुरकुरू द्या. काही गायब दिसलं तर तिथल्या तिथे सीआयएसएफच्या जवानाला सांगा. तिथे कॅमेरे असतात, आणि चुकून तुमचा लॅपटॉप उचलणारा अजून गेटवरच बसलेला असतो.

७. विमानात

विमानात कोण चोरी करणार, असं वाटतं. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका माणसाला अटक केली. त्याने वर्षभरात निदान दोनशे विमानप्रवास केले होते, ते सहप्रवाशांच्या हातातल्या बॅगांमधले दागिने काढण्यासाठी, असं पोलिसांनी सांगितलं. परदेशी निघालेल्या वयस्कर बायका हेरायच्या, काहीतरी कारण सांगून जागा बदलून घ्यायची, आणि लोक चढताना वरच्या कप्प्यात सामान नीट लावण्याच्या मिषाने हात साफ करायचा. बघणाऱ्याला वाटणार, किती मदत करतोय.

तर बॅग बरोबर डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या ओळीवरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे बसल्या जागेवरून ती दिसते. चेनची बाजू आत, भिंतीकडे. दागिन्यांचं पाऊच वर ठेवूच नका, ते पायाशी किंवा अंगावर. रात्रीच्या लांबच्या प्रवासात हे जास्त पाळा. काही गेल्याचं कळलं तर विमान उतरायच्या आधी कर्मचाऱ्यांना सांगा. दार उघडलं की संशयित गर्दीत मिसळला.

८. पट्ट्याजवळ

टॉयलेट, सिमकार्ड, घरी फोन, सगळं नंतर. आधी पट्टा. भारतात सामानाच्या हॉलमध्ये बाहेरचा माणूस शिरू शकत नाही, त्यामुळे थोडी ढिलाई चालून जाते. अमेरिकेत देशांतर्गत विमानाचा हॉल बऱ्याच ठिकाणी रस्त्याला लागून उघडा असतो. कुणीही आत येऊन बॅग उचलून निघून जाऊ शकतो.

बॅग आली की टॅगचा नंबर पावतीशी जुळवा. मग चेन, कुलूप, टाय, कवच बघा. उचलून बघा, हलकी लागते का. शंका असेल तर हॉलमध्येच उघडा. लोक बघतील, बघू द्या.

घरी पोचल्यावर टॅग तसाच कचऱ्यात टाकू नका, त्यावर नाव असतं. पण सगळं सामान तपासून होईपर्यंत फाडूही नका.

९. बॅग आली नाही, किंवा उघडलेली आली

आधी घाबरू नका. विमानतळांच्या संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांच्या बाबतीत काही ना काही घोळ झाला, आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या उशिरा आल्या. पण चोरी असो की उशीर, पहिलं काम एकच: हॉलच्या बाहेर पडू नका. कस्टम्सच्या दारातून एकदा बाहेर गेलात की परत आत येणं कटकटीचं.

हॉलमध्येच विमान कंपनीचा सामान-तक्रार काउंटर असतो. तिथे पीआयआर (प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट), म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, भरून घ्या. त्यांना नुसतं 'पीआयआर' म्हटलं की कळतं. दोन कंपन्यांची विमानं घेतली असतील तर शेवटच्या कंपनीकडे जा. पीआयआरचा दहा अक्षर-अंकांचा नंबर मिळतो: आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. तोंडी "आम्ही बघतो, तुम्हाला फोन करू" यावर निघू नका. प्रत किंवा ईमेल हातात पडल्याशिवाय हलायचं नाही.

आतल्या वस्तू गेल्या असतील तर बॅगेचं पुन्हा वजन करायला सांगा आणि तो आकडा पीआयआरवर लिहून घ्या. चेक-इनच्या आकड्याचा फोटो दाखवा. बॅग आलीच नसेल तर कपडे, दात घासायचा ब्रश अशा तातडीच्या खरेदीचं काय, ते तिथेच विचारा आणि बिलं जपा.

१०. पोलीस

पीआयआर म्हणजे कंपनीकडे नोंद. तो गुन्हा नव्हे. चोरी झाली असेल तर पोलिसांत स्वतंत्र तक्रार करा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलसाठी सहार पोलीस ठाणं आहे, पुण्यात विमानतळ पोलीस ठाणं. गावी पोचल्यावर कळलं तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे, आणि ते ठाणं तक्रार योग्य जागी पाठवतं.

इथे एक गोम आहे. ठाण्यात बऱ्याचदा 'वस्तू गहाळ' असा दाखला देऊन बोळवण होते. गहाळ म्हणजे तुम्ही हरवली, चोरी म्हणजे कुणी नेली. गहाळच्या दाखल्यावर सीसीटीव्हीचं चित्रण मागवायची तसदी कुणी घेत नाही, आणि विमा कंपनीही पुढे प्रश्न काढते. शांतपणे, पण ठाम राहून चोरीची तक्रार लिहून द्या आणि पोच घ्या.

परदेशात चोरी कळली तर तिथल्याच पोलिसांचा अहवाल घ्या. प्रवासविमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये २४ तासांची अट असते.

११. सात, एकवीस आणि दोन

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत २००९ पासून त्यात आहे. त्यातल्या मुदती अशा: बॅगेचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायचं तर २ वर्षांत. बॅगेतून वस्तू गेल्या असतील तर कुठली मुदत, यावर वाद घालत बसू नका, सातच दिवस धरा. लेखी म्हणजे ईमेल. फोनवर कितीही बोललात तरी ती तक्रार नव्हे.

२८ डिसेंबर २०२४ पासून करारातली मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही रक्कम साधारण पावणेदोन ते दोन लाख भरते. ही कमाल आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. वस्तू, खरेदीचं वर्ष, किंमत, बिल अशी यादी द्यावी लागते. देशांतर्गत प्रवासात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रवासी सनदेनुसार कमाल २०,००० रुपये. म्हणजे पुणे-दिल्ली विमानात दोन लाखांचा हार चेक-इन बॅगेत टाकणाऱ्याचं गणित आधीच चुकलेलं असतं.

कंपनीने उत्तर दिलं नाही तर तिच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहा, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. तिथेही ढिम्म असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, नाशिकच्या माणसाला त्यासाठी मुंबईच्या खेपा नाहीत. मुदत दोन वर्षं.

या सगळ्या काळात समाजमाध्यमावर तक्रार लिहिलीत की दहा मिनिटांत 'कस्टमर केअर' नावाचं खातं येतं, मोबाइल नंबर मागतं आणि परताव्यासाठी लिंक पाठवतं. ते भामटे असतात. विमानतळावरच्या बेवारस बॅगा शे-दोनशे रुपयांत विकणाऱ्या जाहिरातीही त्याच जातीच्या.

१२. बॅग घरी आली तर

सापडलेली बॅग कंपनी बहुधा घरी पाठवते. आणणारा माणूस घाईत असतो, "इथे सही करा" म्हणतो. बॅग त्याच्यासमोर उघडा, भरण्याआधी काढलेला फोटो मोबाइलवर काढून पडताळा. काही कमी असेल तर पावतीवर सहीच्या वर लिहा: 'बॅग उघडलेली मिळाली, अमुक वस्तू नाही.' तो म्हणेल असं लिहायची पद्धत नाही. तरी लिहा, पावतीचा फोटो काढा, मग सही करा. त्याच रात्री कंपनीला ईमेल टाका, कारण नुकसानीचे सात दिवस त्या सहीपासून मोजायला लागतात.